शनिवारचा ओव्हरटाइम

डोरीनचा खांदा दुखावला नसता तर आइला नीएमी आणि लोरन बोडनार यांची कधी गाठच पडली नसती. दोघं एकाच धुलाई कारखान्यात कामाला होती, पण मध्ये भिंत होती. कॅनडातल्या थंडर बे गावच्या इस्पितळांचे मळके कपडे भिंतीच्या एका बाजूला यायचे आणि धुऊन दुसऱ्या बाजूला निघायचे. मळक्या बाजूच्या माणसानं स्वच्छ बाजूला पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. जेवणाची सुट्टीसुद्धा वेगवेगळी. लोरन मळक्या बाजूला चादरी निवडायचा. आइला स्वच्छ बाजूला इस्त्रीच्या यंत्रावर उभी असायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी माणसं कमी पडली. बाहेर गावालगतच्या सरोवरावरून बोचरा पाऊस येत होता आणि निम्म्या लोकांनी आजारी असल्याचं कळवलं होतं. ओव्हरटाइमला आलेल्या लोरनला सुपरवायझरनं हातपाय धुऊन नवा एप्रन घालायला लावला आणि डोरीनच्या जागी, आइलाच्या शेजारी आणून उभं केलं.

त्या यंत्रावर चादर दोघांनी मिळून घालायची असते. एक कोपरा एकाच्या हातात, दुसरा शेजारच्याच्या. दोघांनी एकाच वेळी सोडली तरच ती रुळांखाली सरळ जाते.

पहिली चादर तिरकी गेली. दुसरीही.

"ओढू नका," आइला म्हणाली. "नुसती धरा."

"धरलीच आहे."

"हे धरणं झालं? पळून चालल्यासारखी आवळलीय."

"काय सांगावं... माझ्या हातातून बरंच काही पळालंय."

तिनं मान वळवून पाहिलं. तेहतीसेक वर्षांचा असेल. भुवईवर जुना व्रण. हसला की तोंड एका बाजूला जायचं, आणि हसणं तो लगेच आवरायचा, जणू कुणी त्याचं बिल लावणार होतं.

"माझ्याकडे बघत राहा," ती म्हणाली. "मी मान हलवली की सोडायची."

मग तो आठ तास तिच्याकडे बघत राहिला. कामच तसं होतं, त्यामुळे तिला काही बोलताही येईना.

पुढच्या शनिवारच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याच्या पुढच्याही. डोरीन परत आली ती हलकं काम म्हणून घड्यांच्या टेबलावर बसली आणि दोघांकडे बघत दात काढू लागली.

"माझा खांदा बरा झालाय हं, आइला. येऊ का माझ्या जागेवर?"

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय ना?"

"तुझ्या डॉक्टरांनी, की माझ्या?"

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी सुट्टीत लोरननं पिशवीतून एक पर्शियन, म्हणजे त्या गावचा गोड पाव, काढला. वरचं गुलाबी आयसिंग कागदाला चिकटलेलं. त्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्यापुढे सरकवला.

"दोन आणले असतेत तर?"

"नाही परवडत. मी दिवाळखोर आहे." तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "थट्टा नाही. कायद्यानं, सही-शिक्क्यानिशी. आधीच सांगितलेलं बरं, म्हणून..."

"कशानं झालं?"

"बर्फ काढायचा धंदा होता. कर्ज काढून दोन गाड्या घेतल्या, आणि दोन हिवाळे बर्फच पडला नाही."

तिला हसू आवरेना.

"हसा."

"नाही, म्हणजे... बर्फ नाही म्हणून बुडालेला माणूस या गावात पहिल्यांदाच बघतेय."

तोही हसला, आणि या वेळी आवरलं नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. जुलैमध्ये अर्ज केला होता. नऊ महिन्यांची मुदत. दर महिन्याला दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या ट्रस्टीच्या कचेरीत एक पाकीट द्यायचं. त्यात पगाराची पावती, भाडं, खाणं, पेट्रोल, घरात माणसं किती, सगळं लिहिलेलं. सोबत हप्ता. एप्रिलमध्ये तो मोकळा होणार होता.

"मग एकही शनिवार सोडू नका," आइला म्हणाली. "जास्त कमवाल, जास्त फेडाल, लवकर सुटाल. साधं गणित आहे."

लोरन कागदाला चिकटलेलं आयसिंग नखानं खरवडत राहिला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

शनिवारशिवाय भेटायचं तर तिला वेळ नव्हता. कामावरून सुटली की ती थेट घरी जायची. घरी बाबा होते. उर्हो नीएमींनी बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत एकतीस वर्षं काढली होती, आणि तिथली धूळ आता त्यांच्या छातीत बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ते खिडकीशी बसलेले असत. नाताळनंतर लोरन कॉफीला घरी येऊ लागला. आला की बाबा नळी सारखी करत आणि विचारत,

"काय बर्फवाले? यंदा तरी पडला का?"

"यंदा गुडघाभर पडलाय, काका. गाड्या तेवढ्या नाहीत."

बाबांना हे फार आवडायचं. हसता हसता त्यांना ठसका लागायचा, आणि आइला दोघांवर डोळे वटारायची.

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. जानेवारीत एकदा तिला घरी सोडताना तो म्हणाला, "एप्रिलमध्ये सुटलो की तुला काहीतरी विचारणार आहे."

"आता विचार ना."

"आता नको. आता माझं काहीच माझं नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर... शनिवारी चादर तिरकी जाईल."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली, आणि हात मग तिथंच राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी आइलाला बाजूला घेतलं. उन्हाळा दिसला तर नशीब समजा, म्हणाले. घरी येऊन तिनं बाबांना यातलं काही सांगितलं नाही. मे महिन्यात लग्न करतेय, एवढंच सांगितलं. बाबांनी कपाटातला सूट हवेवर टाकायला लावला.

बाबांना मे महिन्यातलं लग्न सांगून टाकलंय, हे तिनं मार्चमधल्या एका दुपारी लोरनला सांगितलं. गाडी तिच्या दारात उभी होती आणि काचेवर ओला बर्फ साचत होता. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आइला, मी एप्रिलमध्ये सुटत नाहीये."

"म्हणजे?"

"पुढच्या एप्रिलला. एक वर्ष वाढलंय."

"पण तू तर एकही शनिवार सोडला नाहीस!"

"म्हणूनच वाढलंय."

तिला काही कळेना. मग त्यानं सावकाश सांगितलं. महिन्याच्या कमाईला एक रेषा आखून दिलेली असते. नुसत्या पगारात तो रेषेच्या जरा खाली होता. शनिवार धरले की वर जात होता. वर जाईल त्यातले अर्धे ट्रस्टीकडे, आणि सरासरीच रेषेवर गेली तर मुदत नऊ महिन्यांची एकवीस महिने.

"तुला हे कधी कळलं?"

तो बाहीनं काचेवरची वाफ पुसू लागला.

"लोरन, कधी?"

"अंदाज आधीपासून होता. नोव्हेंबरचं पाकीट दिलं तेव्हा कचेरीतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. म्हणाल्या, ओव्हरटाइम सोडा, तुमच्या फायद्याचा नाही."

"आणि मी दर आठवड्याला सांगत होते, सोडू नकोस म्हणून..."

"तू सांगत होतीस."

"मूर्खा, मला माहीत नव्हतं! चार शनिवारांचे सहाशे डॉलर, त्यातले निम्मे ते नेणार. तीनशे डॉलरसाठी वर्ष घातलंस?"

"तीनशे डॉलरसाठी नाही," लोरन म्हणाला. "आठवडाभर मध्ये भिंत असायची. शनिवारी नसायची."

हे त्यानं दुसऱ्या कुठल्याही दिवशी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले असते. आज तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

"मग लग्न करू तसंच," ती म्हणाली.

"लग्न झालं की तुझीही पावती माझ्या पाकिटात जाणार. तू कमावलेलं ते मोजणार. ते मला नकोय. एक वर्ष थांबू. वर्षानं..."

"बाबांना वर्ष नाहीये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांचं तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं.

"मला ठाऊक असतं तर..."

"तर काय? नोव्हेंबरमध्ये मलाच कुठं ठाऊक होतं?" ती उतरली आणि दार आपटून घरात गेली.

त्या शनिवारी यादीत त्याचं नाव नव्हतं. डोरीन यंत्रापाशी येऊन उभी राहिली. चादरी सरळ गेल्या. आइलाला दिवस संपता संपेना. संध्याकाळी बाबांनी विचारलं, बर्फवाला कुठाय? ती म्हणाली, कामात आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण रविवारी सूट आपल्या हातानं कपाटात ठेवून आले. तेवढ्यानं त्यांना इतकी धाप लागली की अर्धा तास बोलता येईना.

सोमवारी आइला मळक्या बाजूच्या दारात जाऊन उभी राहिली. लोरन ढिगातून चादरी ओढत होता. तिला पाहून तो धावतच आला.

"आत येऊ नकोस. तुला परत कपडे बदलायला लावतील."

"लावू देत. ऐक. मी शनिवार सोडलेत. सुपरवायझरला आत्ताच सांगून आले. माझी पावती लहान होईल. ती टाक तुझ्या पाकिटात."

"आइला, माझ्या कर्जापायी तुझी..."

"तू मला न विचारता वर्ष वाढवलंस. आता मी तुला न विचारता तारीख ठरवलीय. एप्रिलचा दुसरा शनिवार."

"तू रागावली आहेस ना अजून?"

"खूप. पण आता रागवायलासुद्धा वेळ नाही माझ्याकडे. हो म्हण ना रे. मला कामावर जायचंय."

"हो," लोरन म्हणाला. त्याच्या हातांत मळके हातमोजे होते, म्हणून त्यानं तिला हात लावला नाही. नुसता उभा राहिला, डोळे भरून.

लग्न घरातच झालं, खिडकीशी. डोरीन एक साक्षीदार आणि दुसरे बाबा. सूट त्यांना दोन मापं मोठा होत होता. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. एकेक अक्षर काढून ते दम खात होते. कुणीही घाई केली नाही. सही झाल्यावर ते लोरनला म्हणाले, "हे माझं शेवटचं कर्ज होतं बघ." हसणार होते, पण ठसका लागला.

लोरन त्याच आठवड्यात खोली सोडून तिच्या घरी राहायला आला. एप्रिलच्या कागदावर, घरात माणसं किती या ओळीत, त्यानं तीन लिहिलं. शनिवारी दोघंही घरी असायची. लोरन बाबांची दाढी करायचा, आइला कॉफी करायची, आणि तिघंही सरोवरावरचा बर्फ फुटताना बघत बसायची.

मेच्या एकोणीस तारखेला पहाटे बाबा गेले.

जूनच्या सुरुवातीला लोरन जेवणाच्या टेबलाशी मागच्या महिन्याचा कागद घेऊन बसला. दोघांच्या पावत्या, औषधं, अंत्यविधीचा खर्च. आइला समोर बसून बघत होती. त्या ओळीपाशी त्याचं पेन थांबलं. मग त्यानं हलकेच दोन लिहायला घेतलं.

"थांब," ती म्हणाली. "हा मेचा कागद ना?"

"हो."

"मेमध्ये एकोणीस दिवस होते ते."

"असं चालतं का, विचारायला हवं बाईंना..."

"विचारू नकोस. तीन लिही."

त्यानं तीन लिहिलं.