अळणी ताट

११ जानेवारी २०१८, गुरुवार, सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. आमच्या बेटावरच्या हिल्सबरोच्या धक्क्यावरून माझी होडी सुटली तेव्हा तीत पर्यटकांच्या जहाजावरचे चौदा पाहुणे होते. शिवाय मी, खलाशी रॉल्स्टन आणि स्वयंपाकासाठी माझी धाकटी बहीण इस्मे. जहाज बाहेर खोल पाण्यात नांगरलेले होते व चार वाजता पुढच्या बेटाकडे निघणार होते.

किनारा पाहुण्यांनी निवडायचा, अशी माझ्या होडीवरची रीत आहे. सँडी आयलंड, व्हाइट आयलंड आणि आन्स ला रोश, या तीन जागांची माहिती मी सांगतो: खोली किती, प्रवाह कसा, सावली कुठे. मग हात वर करून निर्णय होतो.

"कासवं कुठं दिसतील?" मिसेस ड्वायर नावाच्या, नाकाला पांढरे मलम फासलेल्या बाईंनी विचारले.

"कासवं तिन्हीकडे आहेत, बाई," रॉल्स्टन म्हणाला. "फक्त आज तुम्हाला भेटायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही."

"तुम्ही स्वतः कुठं गेला असता?"

"मी? मी घरी झोपलो असतो."

हशा पिकला. नऊ हात आन्स ला रोशसाठी वर झाले. मी इस्मेकडे पाहिले. ती मांडीवर टोपली घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती.

"चालेल, दादा," ती म्हणाली. "उलट बरंच झालं."

तिचा नवरा कथबर्ट याच आन्स ला रोशच्या पाण्यात शंख काढायला उतरला होता. त्याला आता एकोणीस वर्षे झाली. तो वर आला नाही आणि प्रेतही मिळाले नाही. प्रेत नसल्यामुळे थडग्याचा दगडही बसवला गेला नव्हता, आणि आमच्याकडे दगड बसेपर्यंत मेलेला माणूस गेला असे धरत नाहीत. नोव्हेंबरात तो इस्मेच्या स्वप्नात आला, ओल्या अंगाने दारात उभा राहिला आणि जेवायला मागू लागला. त्यानंतर तिने दगडाचा दिवस ठरवला. येत्या रविवारी तिच्या अंगणात दगड उभा राहायचा होता. सेंट जॉर्जेसच्या टेक्निकल कॉलेजात मी इंजिनांबरोबर थोडे बांधकामही शिकलो होतो, तेव्हा सिमेंटचा तो दगड मीच साच्यात ओतून दिला होता.

दगडापूर्वी मृताला जेवण द्यावे लागते, आणि ते अळणी असावे लागते. मिठाने जडत्व येते. जड झालेल्या मृताला पूर्वजांकडे परतीची वाट चढवत नाही, असे आमच्या आज्या सांगत. अशा गोष्टींबद्दल माझे काही मत नाही. परंतु इस्मेचे एकच मागणे होते, की त्याने आता सुटावे. म्हणून तिने त्या दिवशी एक लहान पातेले वेगळे घेतले होते.

वारा पूर्वेचा असल्याने डोंगराच्या आडोशाला पाणी अगदी स्वच्छ होते. पाहुण्यांनी पाण्याचे चष्मे चढवले, श्वासाच्या नळ्या तोंडात धरल्या आणि बदकांसारखे एकेक करून उतरले. इस्मे भांडी घेऊन किनाऱ्यावर गेली. मी होडीवरून नजर ठेवली. माझ्या सगळ्या नळ्यांची टोके मी नारिंगी रंगवलेली आहेत. लोक पालथे पोहत असले की तेवढेच दिसते आणि तेवढेच मोजायचे असते.

अकराच्या सुमारास मी पंधरा टोके मोजली.

बोट रोखून पुन्हा मोजली. पंधरा. मग रॉल्स्टनला मोजायला लावले.

"पंधरा," तो म्हणाला. "कोणीतरी डोंगराच्या पायवाटेनं उतरलं असणार, कप्तान. फुकटात कासवं बघायला."

"आणि नळी आपली कशी?"

"रंग काय तुम्ही एकट्यानंच विकत घेतलाय?"

हे पटण्यासारखे होते. तरी मी त्या पंधराव्यावर लक्ष ठेवले. तो इतरांपासून दूर, बाहेरच्या खडकाजवळ होता. त्याचे पाय हलत नव्हते. प्रवाह दक्षिणेकडे होता आणि ते नारिंगी टोक सावकाश उत्तरेकडे, किनाऱ्याच्या रोखाने सरकत होते.

"इस्मेताई!" रॉल्स्टनने हाक दिली. "पंधरा ताटं लाव. एक पाहुणा वाढलाय!"

तिने हात हलवून होकार दिला.

रॉल्स्टन पुढे गेला. मी होडी पक्की बांधून किनाऱ्यावर पोचलो तोवर वाढप होत आले होते. भात, तुरीचे दाणे, मक्याच्या पिठाचे गोळे आणि शंखाच्या मांसाचा रस्सा. इस्मे वाढताना मान वर करत नाही. तिची नजर पातेल्यात असते, समोर येतात ते फक्त हात. अळणी ताट तिने आधीच झाडाखालच्या सपाट खडकावर ठेवले होते, आणि कोणी तिकडे जाऊ नये म्हणून रॉल्स्टनला शेजारी उभे केले होते.

पाहुणे वाळूवर पांगून जेवले. पायवाटेने आलेला कोणी मला दिसला नाही. मिसेस ड्वायर यांनी रश्श्याची कृती विचारली आणि कासव न दिसल्याची तक्रार नोंदवली.

जेवणे झाल्यावर रॉल्स्टनने ताटे गोळा केली.

"पंधरा," तो म्हणाला. "एक किनाऱ्याच्या त्या टोकाला होतं, पाण्याला लागून. चाटूनपुसून साफ. गोऱ्यांपैकी कोणीतरी दोनदा हात मारलाय."

मी पाहुण्यांना सहज विचारले. कोणी दुसऱ्यांदा घेतले नव्हते. नळ्याही परत घेतल्या; चौदा दिल्या होत्या, चौदाच आल्या.

इस्मे खडकाजवळ उभी होती. एरवी असे ताट ठेवले की अर्ध्या तासात खेकडे आणि पाखरे ते संपवतात. आज भात वाढला तसाच होता. त्यावर माशीसुद्धा बसली नव्हती.

"दादा," ती हळू म्हणाली, "एकजण काहीच बोलला नाही."

"कोण?"

"सगळे ताट घेताना काहीतरी बोलतात. आभार मानतात, वासाचं कौतुक करतात. शेवटचा नुसता उभा होता. बोटं अशी होती त्याची... फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी."

"पोहून आलेल्या सगळ्यांचीच होतात."

"अंगठ्याचं नख फाटलेलं होतं, दादा. मधोमध, कथबर्टचं होतं तसं. मी त्याला मोठ्या पातेल्यातलं वाढलं."

रॉल्स्टनने तिचे बोलणे हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. "अगं, एकोणीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेल्या माणसाला तुझं चमचाभर मीठ काय करणार?"

"समुद्राचं मीठ कोणी वाढलेलं नसतं," इस्मे म्हणाली. "हे मी वाढलंय."

रॉल्स्टन ताटे उचलून होडीकडे गेला.

आम्ही वेळेवर निघालो. परतताना होडी डावीकडे किंचित कलली होती. मी दोघा पाहुण्यांना उजव्या बाकावर बसवले. कल तसाच राहिला. डाव्या बाजूचे मागचे आसन रिकामे होते. ते कोरडे असूनही कोणी तेथे बसले नाही. मिसेस ड्वायर एकदा त्या बाजूला गेल्या आणि, "माफ करा," असे पुटपुटून परत फिरल्या.

साडेतीनला चौदा पाहुणे जहाजावर चढले. दारावरच्या माणसाने मोजून अंगठा वर केला.

धक्क्यावर रॉल्स्टन उतरला, मी उतरलो. रिकामी होडी डावीकडे कललेलीच होती.

इस्मे आत बसून राहिली. त्या आसनाच्या समोर.

"चल," मी म्हटले.

"रविवारचं सगळ्यांना नको म्हणून सांग, दादा. जो इथं बसलाय त्याच्यावर दगड कसा ठेवू?"

मी तळ तपासला. आत पाणी नव्हते. लाकूड कुठे भिजलेले नव्हते.

शुक्रवारी मी होडी टिरेल बेच्या कारखान्यात नेली. तेथील होड्या उचलण्याच्या यारीला वजनकाटा आहे, आणि डिसेंबरात रंगकामानंतर तिचे रिकामे वजन तेथेच घेतले होते. मी या खेपेस नांगर, टाकी, बॅटरी, दोर, सुटी आसने, सगळे काढले. आठ दिवस ती उन्हात कोरडी होऊ दिली. मग पुन्हा काट्यावर चढवली.

काट्यात दोष असेल म्हणून शेजारच्या होडीचेही वजन करवले. तिचे बरोबर आले.

माझ्या होडीचे डिसेंबरातील वजन दोन हजार एकशे चाळीस किलो होते. आता ते दोन हजार दोनशे अकरा किलो आहे.