जाळीपलीकडची हाक

“मावशीला मीच मारलं का, एवढं सांगा मला.”

सकाळी सकाळी दारात उभं राहून कुणी असं विचारलं तर माणसानं काय करावं? रेणुकादासनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि त्याला नेहमी जे सुचतं तेच केलं. आत तोंड करून ओरडला, “सौदामिनीताई!”

बाई खासगी तपासाची कामं घेते म्हणून नांदेडातले लोक सुरुवातीला सौदामिनी नांदापूरकरला हसले होते. आता हसत नाहीत, रस्त्यात दिसली तर वाट सोडतात. रेणुकादास तिचा मामेभाऊ, शाळेत भूगोल शिकवणारा. माणूस देवासारखा, पण डोक्यात प्रकाश पडायला त्याला अंमळ उशीर लागायचा. ताईला सोबत म्हणून तोच चालायचा.

दारातली मुलगी सतरा-अठराची होती. नाव सिंधू. लातूरहून पहिल्या एसटीनं आली होती. सौदामिनीनं तिला आधी पाणी दिलं, मग विचारलं, “मावशी कोण तुझी?”

“सख्खी न्हाई. केवळाबाई, आमची शेजारीण. आमचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात माझे आईबाप गेले, तिचा नवरा आन् दोन्ही लेकं गेली. आम्ही दोघी ढिगाऱ्याखाली, मधी दगडांची भिंत पडलेली. त्यातल्या फटीतनं ती सारखी इचारायची, ‘सिंधे, हायस का?’ मी म्हणायचे, ‘हाय.’ तेवढ्यावर आम्ही जगलो. बाहेर निघाल्यावर तिनं मला सोडलंच न्हाई.”

पुढे केवळाबाईनं लातुरात घर बांधलं. क्लासेससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना खोल्या दिल्या, जेवणाची मेस काढली. स्वतःच्या खोलीला मात्र भिंत नको म्हणाली. बागेकडची सगळी बाजू सिमेंटच्या जाळीच्या ठोकळ्यांची केली. पलीकडे अंगणाच्या टोकाला सिंधूची खोली.

“रातच्याला जाग आली की गळ्यातली तुळशीमाळ धरून जाळीतनं हाक मारायची. ‘सिंधे, हायस का?’ मी ‘हाय’ म्हणलं की झोपायची. सहा वर्षं असंच चालू व्हतं, बाई.” सिंधूनं पाण्याचा घोट घेतला. “मंगळवारी रात्री शेगडी मीच भरून दिली. थंडीत रोजच देते. जाळी उघडी असली की काही व्हत न्हाई. सकाळी बघते तर जाळीला भायेरून ताडपत्री बांधलेली, आन् दाराला आतून कडी. मी नुसती किंचाळून राहिले. शेजारच्या क्लासच्या सरांनी दार मोडलं. तांब्या गडगडत खाटेखाली गेला. मला त्यांनी आत जाऊ दिलं न्हाई.”

“तांब्या कुठला?”

“दाराला टेकवायचा. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून.”

मेलेल्या माणसाची गोष्ट चालली असताना तांब्याची चौकशी! रेणुकादासला ताईचं हे कधी पटायचं नाही.

“पोलीस काय म्हणतात?”

“म्हातारीनं थंडीसाठी कोंडून घेतलं, कोळशाच्या वाफेनं गेली. पण मावशीचे दीर हायेत ना, शेषेराव, मुखेडचे, ते म्हणतात की शेगडी पोरीनं भरली, ताडपत्रीबी पोरीनंच बांधली. संक्रांतीला मावशी सगळ्यांसमोर म्हणली व्हती, हे घर सिंधूचं. म्हणून मी मारलं म्हणतात. बारावीची परीक्षा तोंडावर आली, आन् फौजदार रोज येऊन राहिलेत.” तिनं पदरासारखी ओढणी तोंडाशी धरली. “आन् बाई, मलाच आता कळंना झालंय. शेगडी तर मीच भरली ना?”

सौदामिनी उठली. रेणुकादासला म्हणाली, “अरे, बॅग काढ.”

लातुरात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून खोली दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. लहानशी खोली, एक खाट, कोपऱ्यात विझलेली शेगडी. पूर्वेची सगळी बाजू जाळीची, दारही तिच्यातच एका टोकाला. प्रत्येक ठोकळ्यात आडव्या तिरक्या पट्ट्या, बाहेरच्या अंगाला खाली झुकलेल्या. पाऊस आत येऊ नये, ऊन डोळ्यांवर येऊ नये आणि वारं मात्र यावं, अशी ती रचना. जाळीवर गारवेल चढली होती. खोलीत गार, मऊ सावली होती.

फक्त दाराजवळ फरशीवर उन्हाचा एक लख्ख चौकोन पडला होता.

“सिंधू, हे ऊन इथं रोज येतं?”

सिंधूनं बघितलं आणि गोंधळली. “न्हाई... या खोलीत ऊन येतच न्हाई.”

“हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो,” रेणुकादासनं भूगोल सांगितला.

“सरकतो खरा,” सौदामिनी म्हणाली, “पण एकाच ठोकळ्यापुरता?”

रेणुकादासचे कान लाल झाले. चेहरा लपवावा म्हणून तो जाळीच्या पार टोकाला जाऊन वाकला, तर फरशीच्या कडेला तुळशीमाळेचे दोन-तीन मणी दिसले. माळ तुटली होती, आणि तिचा दोरा खालच्या एका पट्टीत अडकून लोंबत होता. त्यानं एक मणी उचलून ताईपुढे धरला. तिनं मण्यावरून नजर उचलून जाळीतून समोरच्या सिंधूच्या खोलीकडे बघितलं. सिंधू तोवर बाहेर गेली होती.

“खिशात ठेव. दोराही काढून घे. कुणालाही दाखवू नकोस.”

पुरावा सापडला म्हणून रेणुकादासची छाती फुगली.

ताडपत्री बागेत घडी करून ठेवली होती. पिवळी, जुनी. सौदामिनीनं ती उलगडून झटकली. घड्यांतून वाळका भुसा आणि शेंगांची टरफलं पडली. तिनं चिमटीत धरून वास घेतला.

शेजारचे श्रीनाथ सर क्लासच्या पायरीवरच भेटले. जागा कमी पडते म्हणून त्यांनी केवळाबाईकडे तिचं घर मागितलं होतं. तिनं नाही म्हटल्यावर दोघांचं वाजलंही होतं.

“वाजलं, मान्य आहे,” सर म्हणाले. “पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी माझ्याकडे पुरणपोळी पाठवली. भांडण असं करावं!”

“तुमच्याकडेही तशीच जाळी दिसते.”

“तिचं नाव काढू नका. विरूपाक्ष मिस्त्री आजारी होता, तेव्हा त्याच्या माणसांनी एक ओळ उलटी बसवली. पहिल्याच पावसात तीस पोरांची बाकं भिजली. तेव्हापासून दुसऱ्याच्या भिंतीतली जाळीसुद्धा मी आधी सुलटी आहे का ते बघतो.”

“ताडपत्री तुमची?”

“माझ्या सगळ्या मांडवाच्या, निळ्या. प्रत्येकीवर क्लासचं नाव आहे.”

“त्या सकाळी आत आधी कोण गेलं?”

सरांनी मान फिरवली. “मी. मीच उचलून बाहेर आणलं. कुठून, कसं, ते नका विचारू.”

आणि सौदामिनीनं खरंच विचारलं नाही! एवढा महत्त्वाचा प्रश्न! रेणुकादास मनातल्या मनात चरफडला.

विरूपाक्ष उदगीरकडचा. स्टेशनरोडला त्याचा ठोकळे पाडायचा कारखाना होता, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि चार साचे. साच्यांवर झाकलेल्या ताडपत्र्या सिमेंटनं दगडासारख्या झाल्या होत्या.

“अक्का, त्या बाईनं माझं डोकं खाल्लं हो,” तो म्हणाला आणि डोळे पुसले. “म्हणाली, दाराच्या चौकटीला लागून एक ठोकळा सुटा ठेव, सिमेंट लावू नको. माणूस अडकलं तर बाहेरून हात तरी आत जावा. मी ठेवला. नुसता बसवलेला.”

“हे कुणाकुणाला माहीत होतं?”

“तिला, पोरीला, मला. आणि दीर होते की तिचे. बांधकामावर रोज खुर्ची टाकून बसायचे, येताजाता हसायचे. जाळीच्या घरात काय कोंबड्या पाळणार का म्हणायचे.”

“श्रीनाथ सरांना?”

“ते नंतर आले हो इथं राहायला.”

शेषेराव केवळाबाईच्या ओसरीवरच बसले होते. धोतर, पांढरी टोपी, उजव्या अंगठ्याला चिंधी. दहाव्यापर्यंत हलणार नाही म्हणून त्यांनी मुक्काम ठोकला होता.

“अंगठ्याला काय झालं?” सौदामिनीनं विचारलं.

“रास चालू हाय गावाकडं. तुरीची. खळ्यावर लागलं.”

“तुम्ही इथं कधी आलात?”

“बुधवारी दुपारी, सांगावा आल्यावर. त्याच्या आधी संक्रांतीला आलो व्हतो.”

“मुक्काम इथंच करता का, आलात की?”

“न्हाई न्हाई. एकली बाईमाणूस, पोरी राहतात. आपण लॉजवर उतरतो. वहिनी तर लई भित्री. दिवस मावळला की आतून कडी लावायची. लावणारच की! म्हणून तर कोंडून मेली बिचारी. आन् ती पोरगी...” त्यांनी सिंधूच्या खोलीकडे हात केला. “सापाला दूध पाजलं वहिनीनं.”

सिंधू खोलीच्या दारातच उभी होती. तिनं ऐकलं. रेणुकादासला एवढा राग आला की त्यानं आपली बशी फोडलीच असती, पण चहा अजून आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौदामिनीनं सगळ्यांना केवळाबाईच्या खोलीत बोलावलं. फौजदार दगडोबा मुंडकर, श्रीनाथ सर, विरूपाक्ष, शेषेराव आणि सिंधू. फरशीवर उन्हाचा चौकोन पडलाच होता.

“फौजदारसाहेब, दाराला कडी लावणारी बाई त्याच दाराला तांब्या कशाला टेकवेल?”

दगडोबांनी मोडक्या दाराकडे बघितलं.

“दार मोडलं तेव्हा तांब्या गडगडला. म्हणजे तो दाराला टेकवलेला होता. म्हणजे केवळाबाई झोपल्या तेव्हा कडी नव्हती. कडी नंतर लागली. आणि तांब्या जागचा हलला नाही, म्हणजे दार न उघडता लागली.”

“भुतानं लावली का मग?” शेषेराव म्हणाले.

“माणसानं. या इथून.” तिनं उन्हाच्या चौकोनावरून वर बोट नेत जाळीतला ठोकळा दाखवला, चौकटीला लागून, कडीच्या उंचीवर. “हा ठोकळा सुटा आहे. तो काढायचा, हात आत घालायचा, कडी सरकवायची, ठोकळा परत बसवायचा. अंधारात तो उलटा बसला. पट्ट्या बाहेर झुकायच्या त्या आत झुकल्या, आणि म्हणून या खोलीत पहिल्यांदा ऊन आलं. सर, तुम्ही काय म्हणता?”

श्रीनाथ सर पुढे होऊन बघत होते. “उलटाच आहे!”

“हे तुम्हाला बघताक्षणी कळलं. विरूपाक्षला हात लावताच कळलं असतं. सिंधू या जाळीची धूळ रोज पुसते. हे काम ज्याला ठोकळ्याची खालची-वरची बाजू असते हेच ठाऊक नाही, पण सुटा ठोकळा कुठला ते ठाऊक आहे, अशा माणसाचं. शिवाय भूकंपात वाचलेली माणसं आतून कडी लावत नाहीत, हेही त्याला माहीत नाही. एकट्या बाईनं कडी लावायचीच, असं त्याच्या गावचं शहाणपण. त्याचं घर पडलं नाही ना! तिनं कोंडून घेतलं असं दिसावं म्हणून त्यानं कडी लावली, आणि त्या कडीनंच तो सापडला.”

सौदामिनीनं बागेतून आणवलेली ताडपत्री पुढे ओढली.

“ताडपत्री सरांची असती तर निळी असती. मिस्त्रीची असती तर सिमेंट लागलेली असती. या ताडपत्रीत तुरीचा भुसा आहे. लातूरच्या मेसमध्ये तुरीची डाळ असते, शेषेराव, तुरीची रास नसते.”

शेषेरावांनी चिंधीचा अंगठा मुठीत लपवला. ते सगळ्यांनी पाहिलं.

“सोडा ती चिंधी,” दगडोबा म्हणाले.

नख काळंनिळं झालं होतं, खाली सपाट चेंगरल्याची खूण होती. सिमेंटचा ठोकळा अंधारात बसवताना बोट सापडलं की असंच होतं, हे विरूपाक्षनं न विचारताच सांगितलं. त्याच्या दहाही बोटांना तसलेच डाग होते.

“माझ्या भावाचं रगत आटलं त्या मातीत!” शेषेराव एकदम ओरडले. “त्याच्या मरणाच्या भरपाईतनं उठलेलं घर, आन् ते कुठल्या कोण परक्या पोरीला? आमची काय पोरं न्हाईत? वहिनीला इचारलं तर म्हणते, मला हाक देणारी तीच हाय!”

“चला,” दगडोबांनी त्यांचा दंड धरला.

विरूपाक्ष खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. “वाचवायला हात जावा म्हणून ठेवली होती हो ती जागा,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. श्रीनाथ सरांनी त्याला धरून बाहेर नेलं.

रेणुकादास मात्र अस्वस्थ होता. ताईनं सगळं सांगितलं, पण मण्याचं बोललीच नाही. विसरली? ताई विसरत नाही कधी. तो खिशात हात घालून आठवण करून द्यायला वळला, तेवढ्यात सिंधू सौदामिनीच्या समोर येऊन उभी राहिली.

“बाई, त्या रात्री मी अभ्यास करून राहिले व्हते. मला काहीच ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, आज मावशीला शांत झोप लागली. खरं सांगा... तिनं हाक मारली असंल का? ताडपत्रीमुळं मला ऐकू आली नसंल, असं व्हईल का?”

सौदामिनीनं तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

“नाही, बाळा. कोळशाच्या वाफेनं माणसाला झोपेतच कळेनासं होतं. तिला जागच आली नाही. खाटेवर झोपली होती, तशीच गेली. विचार सरांना, त्यांनीच उचललं.”

दारातून परत येणाऱ्या श्रीनाथ सरांनी खाली बघत मान हलवली. “खाटेवरच होत्या.”

रेणुकादासचा हात खिशातच राहिला. खाट या भिंतीला होती. जाळीचं ते टोक पार त्या तिकडे, सिंधूच्या खोलीच्या समोर. म्हातारीच्या गळ्यातल्या माळेचे मणी तिथं होते, आणि दोरा पट्टीत अडकलेला. जीव घुसमटताना म्हातारी दाराकडे गेली नव्हती. तांब्या जागचा हलला नव्हता. ती जाळीकडे गेली होती.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात वेळेवर प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ताई त्याच्याकडेच बघत होती. त्यानं मूठ घट्ट मिटली.

“खाटेवरच,” तो म्हणाला. “मीही काल बघितलं. अंथरूण सुरकुतलंसुद्धा नव्हतं.”

सिंधूनं कितीतरी दिवसांनी पुरा श्वास घेतला. मग ती बाहेर गेली, तो सुटा ठोकळा ओढून काढला, ओढणीनं पुसला आणि सुलटा करून बसवला. फरशीवरचं ऊन गेलं, खोलीत पुन्हा सावली झाली.

जाळीपलीकडून तिचा चेहरा दिसत नव्हता. आवाज तेवढा स्पष्ट आत आला.

“मावशी,” ती म्हणाली, “हाय.”