तिसरी शेगडी

हिमालयातल्या एका तळ्याच्या बुडाशी पडलेली पेटी वर काढायची, एवढंच काम होतं. पेटीत सोनं नव्हतं. पाणी किती चढलं, किती उतरलं, किती गार झालं, याची नोंद घेत ती दोन वर्षं बुडाशी बसली होती आणि तिचा दोर तुटला होता. काढायला जाणार होते हितेंद्र आणि माझी लेक नूतन. आणि मी!

मला कुणी बोलावलं नव्हतं. पण नूतन आजवर उतरली ती आमच्या पाचोरा-बोदवडकडच्या विहिरींत, पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायला. त्या विहिरींचं पाणी माझ्या ओळखीचं. हितेंद्र ओळखीचा नव्हता. धुळ्याचा पाणबुड्या, जिभेवर साखर. अशा माणसाच्या हातचं पाणीही मी गाळून पिते.

"स्वयंपाकाला कोण आहे?" मी विचारलं.

"वाटाड्या करेल, अक्का."

"वाटाड्यानं वाट दाखवावी. चूल मी बघते."

निघायच्या महिनाभर आधी त्यानं आमच्या ओट्यावर दोन रेग्युलेटर मांडले. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा ठासून भरलेली असते, ती श्वासापुरती सोडणारी तोटी म्हणजे रेग्युलेटर. एक नवाकोरा, चांदीसारखा चमचमता, अंगाला बारीक भोकं. दुसरा काळपट, जड, ओरखडे पडलेला, तोंडावर जाड रबराचा पडदा.

"नवा नूतनला," हितेंद्र म्हणाला. "जुना मला चालेल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. परक्याच्या लेकीला नवं देतो आणि स्वतः जुनं घेतो? असा दानशूर माझ्या साठ वर्षांत आमच्या दारावरून गेला नव्हता.

"ही भोकं कशाला?" मी विचारलं.

"पाणी आत खेळतं, अक्का. त्यावरून त्याला कळतं आपण किती खोल आहोत."

"आणि या काळ्याला?"

"त्याला पडद्यावरून कळतं. आत पाणी जात नाही."

मी चौथीपर्यंत शिकले. पण लग्नाच्या स्वयंपाकात हयात गेली. एका सिलिंडरवर तीन शेगड्या पेटवल्या की भर उन्हाळ्यातही त्याला घाम फुटतो, मग अंगावर पांढरं दव धरतं आणि शेवटी बर्फ. आचारी ओलं पोतं गुंडाळतो आणि शिव्या देतो. जोरात सुटणारी हवा गार होते, एवढं मला चुलीनं शिकवलं होतं. मग गार पाण्यात, भोकांतून पाणी आत घेणारी तोटी काय करेल?

"बर्फाच्या कारखान्यात चला," मी म्हणाले.

"अक्का, हा गार पाण्यासाठीच बनवलाय. डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर काय, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर पण लई लिहिलेलं असतं!"

जळगावच्या कारखान्यात आम्ही टाकीत बर्फाच्या लाद्या सोडल्या. आधी चांदीचा. नूतननं त्यातून दहा मिनिटं श्वास घेतला. काही झालं नाही. हितेंद्र हसला. मला ते हसू टोचलं.

"एकच शेगडी पेटलीय," मी म्हणाले. "याला नळ्या किती?"

तीन निघाल्या. एक आपल्या तोंडाची, एक जोडीदाराच्या अडचणीला, एक अंगातल्या फुगणाऱ्या पोशाखाची.

"तिन्ही सोड."

"पाण्यात असं कुणी करत नाही, अक्का!"

"सोड!"

तिन्ही सोडल्या. तोटीवर दव धरलं, भोकं पांढरी पडली. नूतननं कळांवरची बोटं काढली, तरी हवा थांबेना! फुस्स्स करत टाकी उकळायला लागली. सिलिंडर बंद केला तेव्हा कुठे गप्प झाली. मग काळा लावला. त्यालाही वरून बर्फ धरला. पण बोट काढताच मुकाट बसला.

"हा माझ्या लेकीला," मी म्हणाले आणि काळा उचलून पदराखाली घेतला.

हितेंद्रचं तोंड उतरलं. "कारखान्यातलं पाणी खारं असतं, अक्का. तळ्याहून जास्त गार. माझा नवा तळ्यात नीट चालेल. मीच वापरतो, मग बघा."

वापर म्हटलं. पण संशय गेला नाही, उलट वाढला. काळा हातातून जाताना त्यानं त्याच्याकडे असं पाहिलं होतं, जसं सासरी निघालेल्या लेकीकडे बघतात.

दसऱ्यानंतर आम्ही डोंगर चढायला लागलो. चार दिवस! पहिल्या दिवशी ओढ्यानं पूल नेलेला, कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. तिसऱ्या दिवशी खेचर घसरलं आणि पिठाची गोणी दरीत गेली. श्वास पुरेना, पायात गोळे. वाटाड्या म्हणे, आजी, तुम्ही इथंच थांबा. मी म्हटलं, बापा, तू थांब. काळा रेग्युलेटर मी माझ्या गोधडीत बांधला होता आणि उशाला घेऊन झोपत होते. हितेंद्र दोनदा म्हणाला, "अक्का, जरा बघू, आपटला तर नाही ना?" दोनदा मी म्हटलं, "नाही."

तळं दिसलं तेव्हा चालणं थांबलं. चहूकडे राखाडी दगड, मध्ये निळंकाळं पाणी, काठाला काचेसारखा बर्फ. ना पाखरू, ना झाड. एवढं गप्प पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि गप्प असणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पाणी दहा पुरुष खोल. दोघं उतरणार, पेटीला मोठा फुगा बांधणार, वेगळ्या छोट्या सिलिंडरनं त्यात हवा भरणार. फुगा पेटीला वर आणणार. नूतनच्या कमरेचा दोर माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक. झटक्यांवर झटके म्हणजे ओढ.

"पण हळू ओढ, माय," नूतन म्हणाली. "घाई केलीस तर छाती फुटेल माझी. भरली घागर न हिंदकळता काढतात, तशी."

"मला घागर शिकवू नको. आणि तू काय लक्षात ठेवशील?"

"एका वेळी एकच शेगडी."

दोघं पाण्यात नाहीशी झाली. एक झटका. ठीक. बराच वेळ गेला. पुन्हा एक. ठीक. मग काहीच नाही.

आणि पाणी फुटलं!

तळ्याच्या मध्यावर बुडबुड्यांचा डोंगर उठला. तेच, टाकीतलं उकळणं! दोर थरथरला. झटका. झटका. झटका! हात म्हणत होते, खेच, जीव खाऊन खेच! मी दात आवळले. एक वीत. थांब. एक वीत. थांब. तळहात सोलले. वाटाड्या मदतीला धावला, त्याला मी कोपरानं ढकललं. हा हिसका मारेल! मी मलाच बजावलं, घागर, शेवंताबाई, भरली घागर!

दोन डोकी वर आली. दोघं एकाच सिलिंडरवर होती. नूतनची जादा नळी हितेंद्रच्या तोंडात. त्याच्या पाठीवरची चांदी बर्फानं पांढरीशुभ्र.

छोट्या सिलिंडरची कळ थंडीनं बसली होती. हितेंद्रनं घाईत आपलीच जादा नळी फुग्यात धरली, त्याच वेळी पोशाखातही हवा घेतली आणि धापा टाकत होताच. तिसरी शेगडी! सगळी हवा दोन मिनिटांत गेली. नूतननं पेटी सोडून त्याला धरलं. अर्धवट फुगलेला फुगा कलंडला आणि पेटी उतारावरून आणखी खोल गेली.

त्याला गोधडीत गुंडाळून मी गुळाचा चहा पाजला. ओठ निळे होते. तरी विचारलं. मनात ठेवून मला घास उतरत नाही.

"खरं सांग. काळा चांगला म्हणून स्वतःला ठेवत होतास ना?"

त्यानं कप खाली ठेवला. "तो माझ्या वस्तादाचा आहे, अक्का. ते गेले. तळ्यात हरवला तर, म्हणून दुसऱ्याला द्यायला जीव होईना. नवा वाईट आहे हे मला ठाऊक नव्हतं. आईशपथ."

"मग तसं सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

नसता ठेवला. मी त्याचा कप पुन्हा भरला.

सकाळी नूतन पोशाख चढवायला लागली. "पेटी फार लांब नाही, माय. काळा चांगला चाललाय. मी एकटी जाते. पहिलंच मोठं काम आहे, रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"बिनाजोडीचं नाही जायचं, नूतन," हितेंद्र म्हणाला. "मला हे वस्तादानं शिकवलंय."

पहिल्यांदाच त्याचं म्हणणं मला पटलं. मी दोर गुंडाळला, वळकटीत घातला आणि वर बसले.

"दोर माझ्या विहिरीचा शे, देणार नाही. पेटी दुसरी बनेल. मन्ही आंडेर, मन्ही लेक, एकच शे."

नूतन रडली, चिडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. न बोलता का होईना, माझ्यापुढे चालत होती.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या भावकीत कार्य निघालं. हितेंद्रला मी बोलावलं. वस्तादाचा काळा त्याच्या हातात दिला, आपटला नाही हे दाखवून. मांडवामागे वरण-बट्टीची गडबड चालली होती. एका सिलिंडरवर तीन शेगड्या आणि सिलिंडर पांढरा पडलेला. मी उठणार, तेवढ्यात हितेंद्र पंगतीतून उठला, मागे गेला आणि तिसरी शेगडी बंद केली.

"कोण रे हा?" आचारी ओरडला.

"असू दे," मी म्हणाले. "आपलाच शे."

आणि त्याच्या पानात एक बट्टी जास्त वाढली.