मुरवणी

मिरजेच्या मुरवणी केंद्रात बाहेरच्या बाकांवर त्या दिवशी सात कादंबरीकार बसले होते, आणि भिंतीवर पाटी होती : 'आपल्याच कादंबरीवर आरडाओरडा करू नये.' पाटीला कारण होतं. आदल्या महिन्यात एक गृहस्थ स्वतःचं हस्तलिखित वाचून म्हणाले होते, "या लेखकानं आधी मराठी शिकावं." मग पहिल्या पानावरचं नाव बघितलं आणि घरी जायलाच तयार होईनात.

रघुनाथ कुंभोजकर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यांतल्या एका बाकावर आपल्या बहिणीला, हेमांगीला, घेऊन बसले होते. ती त्यांना दादा म्हणायची.

पूर्वी कादंबरी लिहिण्यापेक्षा मुरायलाच जास्त दिवस घ्यायची. खर्डा झाला की लेखक तो कपाटात कोंबायचे आणि वर्षानुवर्षं त्याचं तोंड बघायचे नाहीत. कारण विसरल्याशिवाय आपलं लिखाण परक्यासारखं वाचता येत नाही, आणि परक्याइतकं बेमुर्वतपणे कापता येत नाही. हा परकेपणा आता मिरजेत चार दिवसांत मिळायचा.

हेमांगीला एका कादंबरीला अकरा वर्षं लागायची. पाच लिहायला, सहा मुरायला आणि दुरुस्तीला. दादाला डॉक्टरांनी आठ महिने दिले होते.

"खर्डाच दे की वाचायला," दादा म्हणाला होता.

"कच्ची भाकरी वाढू होय तुला?"

"मग चल मिरजेला. मन्याचं पुस्तक वाचल्याशिवाय मी काही जात नाही, सांगून ठेवतो."

मन्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. ना लग्न, ना मूल. त्याला आतून ओळखणारी दोनच माणसं मागे राहिली होती, त्यांतल्या एकीनं त्याच्यावर सहाशे पानं लिहिली होती.

डॉक्टर मुजावरांनी दादाला समजावून सांगितलं. "आठवण म्हणजे गाठोडं समजा. आठवलं की गाठ सुटते. परत ठेवताना मेंदू नवी गाठ मारतो. आमचं औषध ती गाठ मारू देत नाही. ताई औषध घेऊन हस्तलिखित वाचतील. वाचता वाचता लिहिलेलं आठवेल, आणि ते जाईल."

"आणि वाचताना दुसरंच काही आठवलं तर?"

"म्हणून तर सांगतो, फक्त कादंबरीकडे लक्ष ठेवायचं."

"आमची हेमी दूध तापवतानासुद्धा फक्त दुधाकडे लक्ष ठेवत नाही, डॉक्टर."

डॉक्टर हसले. दादाही हसला, आणि साक्षीदार म्हणून सही केली.

चार दिवसांनी घरी आल्यावर हेमांगी लाल पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. असा कापायचा वेग तिला जन्मात आला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दादा चहा घेऊन गेला.

"कशी आहे?"

"बाई लिहिते बरी. पण हा धाकटा भाऊ कशाला घेतलाय कळत नाही. काही करत नाही. हसवतो आणि मरतो. काढला."

दादाला वाटलं, चेष्टा करतेय. "अगं, मन्या तो."

"हो, नावही जुनाटच होतं."

दादानं भिंतीवरचा फोटो काढून तिच्यासमोर धरला. तिनं तो नीट, आदरानं पाहिला. "आपल्यासारखाच दिसतो रे," ती म्हणाली. "कोण हा?"

दादानं डॉक्टर मुजावरांना फोन लावला. ते म्हणाले, "पानापानाला त्यांना खरा भाऊ आठवला असणार. चार दिवस. एकेक गाठ सुटत गेली. तुम्ही रोज समोर असता, म्हणून तुमची पुन्हा बसली."

"परत बांधता येईल?"

"तुम्ही सांगू शकता. पण त्यांना ते ऐकल्यासारखं वाटेल. आठवल्यासारखं नाही."

सहाव्या महिन्यात पुस्तक आलं. एका भावाची आणि एका बहिणीची गोष्ट. दादानं ती दोन दिवसांत वाचली आणि चूक शोधत राहिला. सापडेना. पुस्तक फार सुरेख झालं होतं. एक माणूस कमी आहे, हे कुठल्याच पानावर कळत नव्हतं.

मग रोज दुपारी, अंगात त्राण असेतो, तो तिला मन्या सांगायला लागला. मन्यानं शेजारच्या म्हशीचं नाव रेशनकार्डावर कसं चढवलं आणि सहा महिने तिच्या वाटचं रॉकेल कसं उचललं. तपासनीस आला तेव्हा 'बाईसाहेब आजारी आहेत' म्हणून त्याला गोठ्यापर्यंत कसं नेलं.

हेमांगी मनापासून हसली. मग सवयीनं म्हणाली, "छान आहे. पण पटणार नाही कुणाला."

"झालं होतं, हेमे. तू तिला डोक्यावरून पदर दिला होतास. म्हशीला."

"मी?"

तिनं दादाच्या पायावरची चादर नीट केली. मग परक्याच्या घरी चौकशी करावी तशा आवाजात तिनं विचारलं, "तो गेला तेव्हा मी फार रडले असेन, नाही?"

"टिपूस नाही. तेराव्याला लोक नावं ठेवत होते तुला."

"मग काय केलं मी?"

"आतल्या खोलीत गेलीस," दादा म्हणाला, "आणि लिहायला बसलीस."

हेमांगीनं उशाशी पडलेलं पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवत ती ते रडणं शोधायला लागली.