धुक्यातली पोकळी

काम तसं साधंच होतं. निवृत्त ग्रंथपालांचा कॉम्प्युटर चांगला चालत होता. फक्त एका गेममधलं धुकं नाहीसं झालं होतं.

दुरुस्तीवाली दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन पोचली. त्यांच्या बायकोला, काकूंना, जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी खोलीत कसल्याशा मलमाचा वास रेंगाळत होता. घर इतकं शांत, की स्वतःच्या चपलांचा आवाजही आगाऊ वाटावा.

"हा गेम तिचा," ग्रंथपाल म्हणाले. "म्हातारपणी लागलेलं वेड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसता लावून बसतो. पण नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि धुकंच गेलं बघ. पडदेसुद्धा पुठ्ठ्यासारखे ताठ."

"गेम जुना आहे ना, काका. धुकं सरणं, कापड हलणं, ही गणितं यात एकाच कंपनीचं कार्ड करतं. तुमचं नवीन कार्ड दुसऱ्या कंपनीचं."

"म्हणजे दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य!"

ती हसली. तिच्या पिशवीत गेमला चालणारं एक जुनं कार्ड होतं. ते बसवलं, तसा पंखा बारीक कण्हल्यासारखा फिरू लागला. स्क्रीनवर एका ओसाड हॉटेलचा लांबच लांब व्हरांडा उघडला. पडदे हलले. जमिनीवरून कमरेएवढं धुकं पसरत आलं.

"हे बघा." तिने कळ दाबली. गेममधला माणूस चालू लागला. धुकं त्याच्या अंगाला लागून दुभंगायचं आणि मागे पुन्हा मिटायचं.

तिने बोट उचललं. माणूस थांबला.

पण धुकं दुभंगतच राहिलं. माणसाच्या मागून एक रिकामी पोकळी हळूहळू पुढे येत होती. दुरुस्तीवालीने मान पुढे केली. धुकं उगाच दुभंगत नाही; मध्ये काहीतरी यावं लागतं. आणि या व्हरांड्यात दुसरं कुणी ठेवलेलंच नव्हतं. तिने सेटिंग उघडून खात्री केली. पोकळी एक पाऊल टाकायची, दुसरं ओढायची. पुन्हा एक... पुन्हा ओढायची...

"सावकाश," ग्रंथपाल स्क्रीनकडे बघत पुटपुटले. "गुडघा दुखतो तिचा."

"काका... हा बिघाड असेल."

"असेल की."

त्यांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. चेहऱ्यावर कसं निवांत समाधान. बघता बघता धुक्यात दुसरी पोकळी उमटली. उंच, खांद्यात जराशी वाकलेली. दोन्ही पोकळ्या शेजारी शेजारी व्हरांड्याच्या टोकाला, उघड्या दाराकडे निघाल्या.

दुरुस्तीवालीने वळून पाहिलं. ग्रंथपालांची छाती हलत नव्हती.

"काका! अहो, काका!"

तिने त्यांना गदागदा हलवलं. त्यांचा हात गार पडला होता. खूप लांबून परतल्यासारखे त्यांनी डोळे उघडले. स्क्रीनवरची उंच पोकळी धुक्याने भरून आली.

"कशाला उठवलंस गं?" ते म्हणाले. "पोचलोच होतो."

तिने कॉम्प्युटर बंद केला आणि कार्ड काढून घेतलं. "हे नाही जमत, काका. फार तापतंय." खोटं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तरी ते दारापर्यंत सोडायला आले, "जपून जा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात स्टुलावर बसून एक लॅपटॉप उघडत होती, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"राग नाही हं आला मला. तू माझ्या काळजीनेच केलंस. पण एक सांगू? कार्ड नेलंस, तरी ती थांबलेली नाही. पावलं ऐकू येतात. फक्त आता धुकं नाही ना... त्यामुळे कुठवर आलीय ते दिसत नाही."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बस," ग्रंथपाल मायेने म्हणाले. "दमली असशील."

दुरुस्तीवाली तर कधीची बसलेलीच होती.