वळणावरचा ठिपका

सकाळी ऑफिसचं दार उघडायच्या आतच फोन वाजत होता. नकाशेबाईने खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता तो उचलला.

"लवकर या," फौजदार जवळजवळ ओरडतच होते. "तुमचे मोठे इंजिनिअर गेले. रात्रभर घरी पोचले नाहीत, आत्ता गाडी सापडली. घाटातल्या वळणावरून थेट खाली."

"वळणावरच आहात का?"

"छे हो, पंपावर आलोय. वर फोन लागतोय कुठे! या तुम्ही आधी."

नकाशेबाई हे नाव पोलिसांनी ठेवलेलं; रस्ते खात्यात अपघातांचा नकाशा तीच सांभाळायची. कुठेही अपघात झाला की हवालदार मोबाईलच्या ॲपवर माहिती भरत, आणि हिच्या नकाशावर लाल ठिपका उमटे. जिथे ठिपक्यांची दाटी, तिथला रस्ता आधी दुरुस्त व्हायचा. दुरुस्तीवर सही मोठ्या इंजिनिअरांची. मनुष्य हुशार होता, पण माज भारी. "ठिपका दाखवा, मग दगड लावतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. ते ऐकून माघारी गेलेली माणसं नकाशेबाईने जिन्यात रडताना पाहिली होती.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप होता. नकाशावर तिथे ठिपक्यांचा नुसता खच. म्हणून पंपासमोर गतिरोधकांची रांग लावली, दिवे लावले, पिवळे पट्टे मारले. ठिपके तरी वाढतच राहिले, आणि हे कोडं काही तिला सुटत नव्हतं. वरचं वळण मात्र नकाशावर कोरं करकरीत होतं.

ती पोचली तेव्हा धुकं विरत आलं होतं. वळणाला बाहेरच्या बाजूने कठडा नव्हता. खाली दरीत गाडी उलटी पडली होती आणि मृतदेह नुकताच वर काढून नेला होता. हवालदारकाका रस्त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून उभे होते. टोपी हातात. निवृत्तीला आलेला, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. तिला पाहताच त्यांनी टोपी घाईने डोक्यावर ठेवली.

"काका, काल इथे तुमचीच ड्यूटी होती ना?"

"पायथ्याला होतो बाई, पंपाशी. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. काही कळलंच नाही."

ती खाली वाकून रस्ता बघू लागली. ब्रेक दाबल्याची खूण कुठेच नव्हती. चाकं हळूहळू, सरळ रेषेत कडेला गेली होती, जणू पुढे रस्ताच आहे. आतल्या बाजूच्या डांबरावर मात्र दोन पांढरे ताजे ओरखडे होते, लोखंडी काहीतरी फरफटत नेल्यासारखे.

"आणि हे बघा," फौजदार दरीकडे बोट दाखवत म्हणाले. "एवढ्या थंडीत साहेबांनी गाडीची काच पूर्ण खाली केली होती. धुक्यात नीट दिसावं म्हणून असेल. जाऊ दे, आमचा माणूस आम्हाला मिळालाय."

"कोण?"

"क्रेनवाला."

क्रेनवाला चौकीत बाकावर बसला होता, मनगटात बेडी. बाहेर पायरीवर त्याची वहिनी पदराने डोळे पुसत होती. नकाशेबाई जवळून जाताना तिने हात धरला. "माझा नवरा त्या रस्त्यानं नेला, आता दिरालाही नेताय. घरात दुसरं माणूस नाही हो ताई. दुपारी कोर्टात उभं करणार म्हणे त्याला."

आत फौजदारांनी प्रश्नांची फैर सुरू केली होती.

"इंजिनिअरांना धमकी दिली होतीस?"

"दिली होती. सगळ्यांसमोर दिली. पुन्हा देईन."

"काय म्हणाला होतास?"

"की एक दिवस तुमचीही गाडी मीच वर काढीन."

"मग? आलास की आज सकाळी क्रेन घेऊन!"

"तुम्हीच बोलावलंत म्हणून आलो."

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी. एकटाच, वहिनी बाहेर गेली होती. क्रेन दारात उभी होती."

"भावाचा सूड घेतलास तू."

क्रेनवाल्याने मान वर केली. "घ्यायचा होता. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या कुणीतरी माझ्याआधी घेतला."

नकाशेबाई मध्येच बोलली, "तुझा भाऊ पंपाशी गेला ना?"

"पंपाशी?" तो तिच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. "वळणावर गेला बाई. त्याची गाडी मी माझ्या हातांनी दरीतून काढलीय."

फौजदार वैतागले. "बघा, साध्या गोष्टीतही खोटं बोलतोय."

पण नकाशेबाई दाराकडे वळली होती. तिच्या नकाशावर त्या भावाचा ठिपका पंपावर होता.

ती तडक ऑफिसात गेली आणि तिने नकाशा उघडला. पंपावर नेहमीची लाल दाटी होती. आणि वळणावर, अगदी कडेच्या नेमक्या बिंदूवर, पहिलावहिला ठिपका उमटला होता, आज सकाळचा. इतकं अचूक काम पाहून एरवी तिने भरणाऱ्याला चहा पाजला असता. आज मात्र कुणी भरलाय ते तिने पाहिलं. मग पंपावरचे जुने ठिपके एकेक उघडून बघितले. एका मुलीच्या ठिपक्यापाशी ती बराच वेळ थांबली.

ती परत आली तेव्हा क्रेनवाल्याला जीपमध्ये बसवत होते.

"त्याला उतरवा," ती म्हणाली. "आणि हवालदारकाकांना आत बोलवा."

"आता काय नवीन?" फौजदार म्हणाले.

"सांगते. एवढ्या थंडीत साहेब काच खाली करतील ती कुणाशी तरी बोलायलाच. ज्याने चारचौघांत धमकी दिली, त्या क्रेनवाल्यासाठी ते गाडीसुद्धा थांबवणार नाहीत. मग निर्मनुष्य घाटात थांबतील कुणासाठी?"

फौजदारांनी नकळत स्वतःच्या वर्दीकडे पाहिलं.

"डांबरावरचे ओरखडे तुमच्या लोखंडी बॅरिकेडचे आहेत. आतली बाजू कुणीतरी बंद केली होती. ब्रेकची खूण नाही, कारण साहेब घाबरलेच नव्हते. पोलीस हात दाखवतो तिकडे आपण गाडी वळवतोच. तेही वळले."

हवालदारकाका दारात उभे होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"एवढ्यावरून माझं नाव घेता बाई?"

"नाही काका, तुमच्या ठिपक्यावरून. ॲपला रेंज लागते. घाटात ती नाही. म्हणून तुम्ही सगळे पंपावर उतरून माहिती भरता, आणि ॲप ठिपका तिथेच टाकतं, जिथे तुम्ही उभे असता. वळणावरची माणसं माझ्या नकाशात पंपावर मरत होती, आणि मी शहाणी तिथे गतिरोधक टाकायला सांगत होते. ठिपका बोटाने सरकवून खऱ्या जागी नेता येतो. पण ती तसदी आजवर कुणीच घेतली नाही. आज सकाळी तुम्ही पंपावर उभं राहून ती घेतलीत. याच एका माणसासाठी का?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"सकाळी तुम्ही टोपी काढून उभे होतात. मला वाटलं, साहेबांसाठी. पण दरीकडे तुमची पाठ होती. तुम्ही डोंगराकडे बघत होता. नोंदीत आहे, स्कूटर डोंगरावर आदळून एक कॉलेजची मुलगी गेली; पंपाशी तर आदळायला डोंगरच नाही. तिचं आडनाव तुमचं आहे. ती माहितीही तुम्हीच भरलीत, पंपावर येऊन."



"ती गेली तेव्हा माझीच ड्यूटी होती," काका म्हणाले. "खाली येऊन भरलं आणि मोकळा झालो. मग त्याच्याकडे गेलो. वर्दी न घालता गेलो, बाप म्हणून. म्हटलं, साहेब, त्या वळणाला काहीतरी करा. त्याने तुमचा नकाशा उघडला आणि हसला. म्हणाला, इथे तर काहीच नाही. ठिपका दाखवा, मग दगड लावतो." त्यांचा आवाज आता चढला. "ठिपका हवा होता ना त्याला? दिला!"

"कसा?"

"दरीच्या बाजूला, कडेपलीकडच्या झुडपाला टॉर्च बांधला. त्याला थांबवलं. सांगितलं, आत दगड पडलेत साहेब, त्या उजेडाकडे सरळ घ्या. थँक्यू म्हणाला मला. मेला त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. कोर्टातही हेच सांगेन."

फौजदारांनी क्रेनवाल्याची बेडी काढली. काकांनी स्वतःहून हात पुढे केले, मग नकाशेबाईकडे वळले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली.

"आता तरी कठडा होईल ना बाई? आता तिथे ठिपका आहे. तोही त्याचाच."



"तो अपघात नव्हता काका. खून होता. खुनाचा ठिपका माझ्या नकाशावर राहत नाही. आज मला तो पुसावा लागेल."

काका मटकन बाकावर बसले. "म्हणजे वळण पुन्हा कोरं?"

तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. फौजदार घड्याळ बघत काही बोलणार होते, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"बाकीचे अपघातच होते," ती म्हणाली. "आणि ते कुठे झाले हे तुम्हाला माहीत आहे. न्यायच्या आधी एकेक दाखवा. तुमच्या साक्षीवर मी ते सरकवते."

बेडीतला हात उचलून काकांनी पंपावरच्या गर्दीतला एक ठिपका दाखवला. मग तेच बोट रडत रडत वळणापर्यंत नेलं. क्रेनवाला दारातून परत फिरला आणि त्यांच्याशेजारी बसून आपल्या भावाचा ठिपका शोधू लागला.