घोट्यापाशीची चीर

लिफ्ट बंद होती, म्हणून आमची भेट झाली.

मी प्लास्टरची बादली घेऊन इस्पितळाच्या जिन्याने उतरत होते आणि दुसऱ्या मजल्यावर तो लिफ्टच्या उघड्या दारात गुडघे टेकून आत वाकला होता. आत बघत नव्हता, डोळे मिटून ऐकत होता. मला गंमत वाटली, मी थांबले. त्याने मान वर केली, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही पायांचे साचे घेता का?"

पहिल्याच भेटीत बाईला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण मी खरंच पायांचे साचे घेते. तळमजल्यावर आमची कार्यशाळा आहे. मुलांच्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवून मऊ केलेलं प्लास्टिक बसवायचं आणि पोटरीपासून बोटांपर्यंतचा ब्रेस करायचा, हे माझं काम.

त्याने हत्यारांच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक ब्रेस काढला. निळा, फुलपाखरांचा, वीतभर उंचीचा. घोट्यापाशी आडवी चीर. पाच वर्षांच्या भाचीचा होता. आदल्या दिवशी मोडला आणि जिथे केला होता तिथे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. बहीण नर्स, तिची ड्युटी सुटेना, म्हणून मामाने तो स्वतःच चिकटवला आणि वरून पत्र्याची पट्टी ठोकली.

"मजबूत आहे," तो म्हणाला.

"लिफ्टला चालेल. पोरीच्या पायाला मात्र दुपारपर्यंत फोड येईल."

वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने पक्कड काढली, तिथेच बसून पट्टी उपटली आणि विचारलं, "मग काय करू?"

हे मला आवडलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

मी सांगितलं, तीन आठवडे थांबू नका. ब्रेसशिवाय पोटरी आखडते, टाच उचलली जाते, मग गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाते. जुना, आखूड झालेला ब्रेस असेल तर तोही आणा, चार दिवसांपुरता चालतो का बघते. जुना ब्रेस होता. त्यात बाहुली झोपत होती.

संध्याकाळी तो भाचीला खांद्यावर घेऊन आला. घरी तिला खारूताई म्हणत, कारण ती जागेवर ठरत नसे. ब्रेसला ती 'कडक मोजा' म्हणायची. साचा घेताना तिने विचारलं, प्लास्टर गरम का होतं? मी उत्तर दिलं. मग मामाने विचारलं, पण पाणी तर गार होतं ना? त्याचंही उत्तर दिलं. मामा-भाचीने मला तासभर असं धारेवर धरलं, आणि कार्यशाळा बंद करायची वेळ टळून गेली तरी मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

चार दिवसांत नवा ब्रेस दिला. वीस मिनिटांत न जाणारा लाल डाग दिसला तर लगेच कळवा, असं बजावलं. डाग आला नाही. सतरा दिवसांनी चीर आली. त्याच जागी.

मी जाड प्लास्टिक घेऊन दुसरा केला. तो बावीस दिवस टिकला. मग तिसरा केला.

आमचे मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, पोरगी दांडगी आहे, आईला सांगा खेळणं कमी करा. खारूच्या आईनेही तेच ठरवलं होतं. शाळेतून आली की खुर्चीवर बसायचं, जिन्यात जायचं नाही. हे सांगताना मामाचा चेहरा पडला होता.

"आम्हा लिफ्टवाल्यांत एक नियम आहे," तो म्हणाला. "एकच भाग दोनदा मोडला तर त्याला दोष द्यायचा नाही. तो कशाने मोडतो ते शोधायचं. तुम्ही... शोधाल माझ्याबरोबर?"

मी हो म्हटलं. पोरीसाठीच म्हटलं. म्हणजे, तेव्हा मला तसंच वाटलं.

त्याने बहिणीला खेळ आठवडाभर चालू ठेवायला राजी केलं, आणि रोज मला फोनवर त्याचा अहवाल यायला लागला. सोमवारी जिना अकरा वेळा. मंगळवारी पलंगावरून दोन उड्या, एक खारूने नाकबूल केलेली. बुधवारी शोध असा, की खारूताईला जांभई आली की मामालाही येते, याची नोंद घ्यावी. मी उत्तर पाठवलं, ब्रेसशी संबंध दिसत नाही. तो म्हणाला, पुरावा सोडायचा नसतो. त्या आठवड्यात मी फोन इतक्यांदा उघडला की मास्तरांनी विचारलं, कुणी आजारी आहे का घरी?

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. खारूच्या आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि आत जाऊन मुद्दाम भांडी घासत बसली. आम्ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर. खाली खारू.

"पाऊस आत येतोय, सरका," तो कुजबुजला. पाऊस खिडकीतून जेमतेम चार थेंब येत होता. मी सरकले.

अर्धा तास काहीच झालं नाही. मग खालच्या बिऱ्हाडाच्या दाराशी खारू थबकली. दाराखाली बोटभर फट होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि पाय दुमडून थेट उकिडवी बसली. ब्रेस ते करू देत नव्हता. तो घोट्यात वाकायलाच केलेला नव्हता. तिने भिंतीला धरून सगळं वजन पुढे टाकलं, प्लास्टिक कुरकुरलं, आणि ती खाली पोचली. फटीतून मांजरीचा पंजा बाहेर आला. खारूने त्याला बोट लावलं. उठली, पुन्हा बसली. मी मोजलं, सोळा वेळा.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "बसताना घोट्यात आवाज येतो."

मी तिचा पाय तीनदा मापला होता, पण प्रत्येक वेळी खुर्चीवर बसवून. खेळताना ती कशी असते, हे कधी पाहिलंच नव्हतं.

"चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "गेल्या वर्षी तिला उकिडवं बसता येत नसणार. आता येतंय. ब्रेस मागे राहिला."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, मघाशी खारूकडे बघत होता तसा... आणि मी उगाच पायरीवरचा चुना खरवडत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खारूला तपासलं आणि मान डोलावली. घोट्यात बिजागरी घाला, पाऊल वर वाकू द्या, खाली लोंबकळू देऊ नका. मी आठवडा खपून तसा ब्रेस केला. तो घालून खारू माझ्या समोर उकिडवी बसली, टेबलाखाली काय काय पडलंय ते सांगितलं आणि आधाराशिवाय उठली. तिच्या आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

तो ब्रेस महिना टिकला, दोन महिने टिकले. चीर नाही, अहवाल नाही, मामा नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी खारू आईबरोबर आली. मी दाराकडे पाहिलं असावं. आई म्हणाली, "तो फाटकाशी उभा आहे. काही मोडलेलं नाही, कुठल्या तोंडाने आत जाऊ म्हणतो. मास्तर, तुम्ही बघता ना जरा पट्टे?"

मास्तर म्हणाले, दिवसभर बघतो.

तो खरंच फाटकाशी होता, हात खिशात घालून. मला पाहून त्याने हात बाहेर काढले, मग काय करावं न सुचून परत घातले.

"ब्रेस छान चाललाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी... त्या आठवड्यात काही नोंदी वाढवून लिहायचो. उत्तर यावं म्हणून."

"तेही माहीत आहे." मग मात्र मी धीर केला. "खारूच्या पायाचं माप मला पाठ आहे. तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. मला सगळं विचारायचंय."

"सगळं?"

"पहिल्यापासून. मला तुम्ही आवडता. कशाने, ते शोधायचंय."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बराच वेळ हसला नाही, आणि मग हसला तेव्हा थांबेचना.

"खूप वेळ लागेल," तो म्हणाला. "आधी ते अहो-जाहो काढून टाकू या का? तेवढाच वाचेल."

"चालेल," मी म्हटलं. "सांग."